येऊन राहिलो

मी पुण्याचा. एप्रिलमध्ये सासुरवाडीला, सानगडीला गेलो, तर जावयाचा मान म्हणून गावच्या मॅचमध्ये मला ओपनिंगला पाठवलं. मी चेंडू तटवला आणि पलीकडून मेहुणा प्रफुल्ल ओरडला, "भाऊजी, येऊन राहिलो." हा येतोय की राहतोय, मला कळेना. मी क्रीजमध्येच थांबलो आणि तो रनआउट झाला.

बायकोनं समजावलं, "येऊन राहिलो म्हणजे येतोय. राहण्याचा त्यात काही संबंध नाही."

मे महिन्यात प्रफुल्लचा फोन आला, "भाऊजी, पुण्याले येऊन राहिलो." या वेळी मी बरोबर समजलो आणि त्याला आणायला स्टेशनवर गेलो.

आता महिना झाला. कधी निघतोस विचारलं की म्हणतो, "जाऊन राहिलो ना, भाऊजी," आणि सोफ्यावर कूस बदलतो.