दुधातलं ओन्ली

“आय कॅन ओन्ली ट्राय, सर,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“वॉटर,” उत्तरा म्हणाली.

त्याने कपाळावर हात मारला. आजही पाणी निघालं होतं.

दोघं आरे कॉलनीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासत. संध्याकाळी काम सुटलं की बस येईपर्यंत काशीरामच्या दूध केंद्रासमोरच्या बाकावर बसत. महिनाभरापासून त्या बाकावर मराठीला बंदी होती. जो मराठीत बोलेल त्याने दुसऱ्याला वेलची दुधाची बाटली पाजायची. चंद्रप्रकाशला बडोद्याच्या एका डेअरीत मुलाखत द्यायची होती, आणि ती इंग्रजीत होणार होती. फाडफाड इंग्रजी बोलणारं त्याच्या ओळखीत एकच माणूस होतं, ते म्हणजे उत्तरा. बाकावर तीच मुलाखत घेणारा साहेब व्हायची. बाटली रोज तोच पाजत होता. उत्तरा अजून एकदाही हरली नव्हती.

इंग्रजी त्याला येत होतं. खोट वेगळीच होती आणि ती उत्तराने पहिल्याच आठवड्यात हेरली. त्याच्या तोंडात ‘कॅन’ कधी एकटा येतच नसे. मागोमाग ‘ओन्ली’, ‘जस्ट’ नाहीतर ‘हार्डली’ लटकलेलं असायचंच. यंत्र चालवता येतं का, तर आय कॅन जस्ट मॅनेज. फर्स्ट क्लास मिळाला ना, तर आय कुड ओन्ली गेट सिक्स्टी टू. हाताखाली माणसं सांभाळशील का, तर आय कॅन हार्डली से. एका शब्दाने दार उघडायचं आणि पुढच्याच शब्दाने कडी लावायची. उत्तराला त्यात रोजचंच काम दिसलं. कॅन म्हणजे दूध, ओन्ली म्हणजे पाणी. मग तीच त्याचा, दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर झाली.

तिला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रयोगशाळेत हाच माणूस सगळ्यांत तयार होता. काही गवळी दुधात पाणी घालून वर साखर टाकत, म्हणजे लॅक्टोमीटर फसायचा. मग नळीत आम्ल आणि चिमूटभर पूड घालून दूध तापवावं लागे. साखर असली की ते लालेलाल व्हायचं. चंद्रप्रकाशला मात्र पुष्कळदा नळी हातात घ्यायच्या आधीच संशय यायचा आणि तो खरा निघायचा. असा माणूस ‘ओन्ली’ कशाला म्हणतो, असं तिने एकदा विचारलंच. इंग्रजीतच.

त्याने बाटली द्यायची तयारी ठेवून मराठीत सांगितलं, “आमच्याकडे नुसतं ‘येतं’ म्हटलं की माणूस चढेल वाटतो गं.”

ही नोकरी त्याला मिळायलाच हवी होती. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. दिंडोशीच्या खोलीत ते चांगला चालणारा रेडिओच दिवसभर उघडून दुरुस्त करत बसायचे. उत्तराला हे माहीत होतं. इंग्रजीतलं पाणी आटलं की हा बडोद्याला जाणार आणि बाकावर आपण एकट्या उरणार, हेही माहीत होतं. तरी ती रोज “वॉटर” म्हणत राहिली. उलट जास्तच कडकपणे.

तो बडोद्याला जाऊन आला त्या संध्याकाळी काशीरामने कुणी मागायच्या आधीच बाटली बर्फातून काढून ठेवली होती. चंद्रप्रकाश बाकावर बसला. त्याने सगळं इंग्रजीत सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य जपून. साहेबांनी विचारलं, तर आपण म्हणालो, आय कॅन रन द लॅब. आय कॅन ट्रेन टू पीपल. मागे काही जोडलं नाही. त्यांनी पुढच्या महिन्यात रुजू व्हायला सांगितलं.

उत्तराने हसून मान हलवली. तिला वाटलं होतं त्याहून ते हसणं जड गेलं. घरी आईबाबांना किती आनंद झाला असेल, असं ती म्हणाली. बडोदा चांगलं शहर आहे, असंही म्हणाली.

“अँड यू?” त्याने विचारलं.

“मी? आय कॅन ओन्ली बी हॅपी फॉर यू.”

तो तिच्याकडे बघत राहिला. नमुन्याकडे बघताना असायचे तसे त्याचे डोळे बारीक झाले.

“पाणी,” तो म्हणाला. “आणि वर साखर.”

उत्तराने तोंड वळवलं, पण उशीर झाला होता. कानांपासून गळ्यापर्यंत ती लाल झाली होती. याहून स्वच्छ चाचणी त्या प्रयोगशाळेत कधी झाली नव्हती.

बस आली. दाराशी कंडक्टरने घंटेची दोरी धरून दोघांकडे पाहिलं. दोघंही हलली नाहीत. बस निघून गेली.

“आधी लग्न करू,” उत्तरा म्हणाली. “मग दोघं जाऊ. दूध बडोद्यातही तपासावं लागतं.”

चंद्रप्रकाशने तोंड उघडलं. जीभ सवयीने काहीतरी जोडायला निघाली होती. त्याने ती आवरली.

“जाऊ,” तो म्हणाला.

समोरून काशीरामने बाटली उंचावून दाखवली. आजही हाच हरला, हे तो धरूनच चालला होता. चंद्रप्रकाश पैसे काढायला खिशात हात घालू लागला, तेवढ्यात उत्तराने त्याचं मनगट धरलं.

“दोन सांग,” ती म्हणाली. “मीपण हरलेय.”