कुलपाच्या चाव्या

अर्धवट लागलेल्या पडद्यातून सकाळचे ऊन आत आले. त्यात विशेष असे काही नव्हते. आधी ते भिंतीवरच्या ओलीच्या डागावर थांबले, मग सावकाश उतरून टेबलाच्या कडेवर आले, कालच्या कपाच्या तळाशी उरलेल्या चहात जरा रेंगाळले, कीबोर्डच्या फटींतला धुरळा कण न् कण दाखवत पुढे सरकले आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेल्या काळ्या पट्टीपाशी येऊन अडले. रोज ते असेच येई. ना पासवर्ड, ना परवानगी. या खोलीत बेधडक शिरण्याची मुभा त्याने फक्त त्या उन्हाला दिली होती. ताईलाही ती होती. पण त्याने दिली नव्हती, तिने घेतली होती.

"उठलास की झोपलाच नाहीस?" नवा कप ठेवत ताईने विचारले.

"आज चाव्यांचा निकाल आहे."

"त्या फुकटच्या कुलपाच्या?"

'कुलूप' हे सॉफ्टवेअर होते. दवाखाने, शाळा, लहानसहान कचेऱ्या आपल्या फायली त्यात बंद करून ठेवत. ते सर्वांना मोफत होते आणि त्याचा कोड जगासमोर उघडा होता. कोणीही दुरुस्ती सुचवावी. मात्र दुसऱ्या कोणीतरी ओळ न् ओळ तपासल्याखेरीज ती आत जात नसे. ज्या गृहस्थांनी ते लिहिले, त्यांना सगळे आजोबा म्हणत. ते आता थकले होते. मंजुरीचा अखेरचा अधिकार, म्हणजेच चाव्या, आज ते कोणा एकाच्या हाती देणार होते: एक तर त्याच्या, नाही तर खारूताईच्या.

खारूताई हे टोपणनाव. तिला कोणी पाहिले नव्हते. तीन वर्षे ती त्याच्या प्रत्येक बदलात खुसपट काढत होती, आणि तो तिच्या.

"ती चोर आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"फार चांगली वागते."

ताईने कपाळाला हात लावला. "म्हणूनच तुझं लग्न जमत नाही."

"हसू नकोस. हे लोक असेच येतात. आधी शुद्धलेखनाची एखादी चूक सुधारायची. मग थकलेल्या माणसाची विचारपूस. मग 'तुम्ही दमलात, मी बघते.' एकदा चाव्या हातात आल्या, की मागच्या बाजूने गुपचूप एक चोरवाट ठेवून द्यायची. सगळे दवाखाने उघडे!"

"तूही शुद्धलेखनापासूनच सुरुवात केली होतीस ना? घरभर सांगत फिरला होतास."

"ते वेगळं."

"बरं, मला एक सांग. कुलूप फुकट, काम फुकट, मग तुझा पगार कोण देतं?"

"एका कंपनीला त्यात रस आहे," तो म्हणाला आणि त्याने कप तोंडाला लावला. चहा अजून पोळत होता. तरी त्याने मोठा घोट घेतला.

बैठक सुरू झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर तीन काळे चौकोन उमटले.

"तोंड कोणीच दाखवत नाही वाटतं," आजोबांचा आवाज आला. "बरंच आहे. मीही दाढी केलेली नाही. आता एकमेकांबद्दल काय म्हणणं आहे ते समोरासमोर सांगा."

त्याने आरोपांचे भाषण तयार ठेवले होते. घसा खाकरेपर्यंत खारूताई बोलून मोकळी झाली.

"त्यांनाच द्या. इतका संशयी माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"मग झालं तर!" आजोबा म्हणाले. "दिल्या. आता मी झाडांना पाणी घालायला जातो." त्यांचा चौकोन मिटला.

खारूताईचा चौकोन मात्र राहिला. अंधाऱ्या तळघरातली टोळी म्हणून त्याने जिची कल्पना केली होती, तिच्या मागे कपडे धुण्याचे यंत्र घरघरत होते.

"अभिनंदन," ती म्हणाली. तिला सर्दी झाली होती. "आता सांगायला हरकत नाही. मला चोरवाट ठेवायलाच पाठवलं होतं."

"मला माहीत होतं!" त्याचा आवाज चिरकला.

"तीन वर्षं हो! जिथे ठेवावी, तिथे तुम्ही हजर. 'ही ओळ इथे कशाला?' तुमचं ते वाक्य माझ्या स्वप्नात येतं. शेवटी पाठवणाऱ्यांनीच कंटाळून मला काढून टाकलं."

"मग आता?"

"आता भावाच्या औषधांच्या दुकानात बसणार. तिथे आपलंच कुलूप आहे. तुम्ही आहात, म्हणून मी निर्धास्त आहे." ती शिंकली, आणि तिचाही चौकोन मिटला.

ताईने दारातून डोकावून पाहिले. "मिळाल्या?"

"मिळाल्या."

"मग चेहरा असा का पाडलायस?"

तेवढ्यात फोन वाजला. पगार देणाऱ्या साहेबांचा होता. त्याने ताईकडे पाठ केली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "त्या शुद्धलेखनाच्या चुकीपासून पोसतोय तुम्हाला. अखेर फळाला आलं. आता आपली चोरवाट घालून टाका. संध्याकाळपर्यंत."

ऊन टेबलावरून सरकत त्याच्या हाताच्या पाठीवर आले होते.

"ऐकताय ना?"

"जमणार नाही, साहेब."

"का नाही? दर वेळी ती बाई पकडते म्हणून रडत होतात. गेली ना ती? म्हाताराही गेला."

"बदल तपासल्याशिवाय आत जात नाही. नियम आहे."

"अहो, पण आता तिथे तपासायला उरलंय कोण?"

त्याने हात उन्हातून काढून घेतला, आणि मग पुन्हा तिथेच ठेवला.

"मी," तो म्हणाला.