दुसरं कुलूप

सुवास बुढाथोकीने किल्ली फिरवली, कुलूप काढलं आणि दाराला खांदा लावला. दार हललं नाही. खालच्या कडीला आणखी एक कुलूप होतं.

"हे आमचं नाही," विद्यार्थी संघटनेचा तो पुढारी म्हणाला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

शिक्षण मंत्रालयाचे उपसचिव ढुंगेल यांना थंडीतही घाम फुटला. कुलगुरूंच्या कार्यालयाला टाळं ठोकणं नेपाळात नवीन नाही. तीन दिवसांचं हे टाळं निघावं म्हणून मंत्र्यांनी आज पोरांच्या निम्म्या मागण्या निमूट मान्य केल्या होत्या. कारण पाचच्या आत अडतीस जणांना प्राध्यापक म्हणून कायम करायचं होतं. सगळे पक्षाचे कार्यकर्ते. उद्या नेपाळी पौष महिन्याची पहिली तारीख. उद्यापासून नवा कायदा, परीक्षेशिवाय नेमणूक नाही. नेमणुकांचा ठराव लिहून कुलगुरूंनी सही करायची ती वही आत होती. वहीबाहेरचा ठराव कोर्टात टिकत नाही, हे कुलगुरू चंद्रमाया राजभंडारींनीच सरकारी वकील असताना सिद्ध केलं होतं.

चंद्रमाया व्हरांड्यात उन्हाला बसून संत्रं सोलत होत्या. तीस वर्षं सरकारसाठी भांडल्या, त्याचं बक्षीस म्हणून ही खुर्ची मिळाली, असं सगळेच म्हणत. पाठीमागे त्यांचं नावच 'सरकारची बाई' पडलं होतं. आज सहीला नकार दिला तर तासाभरात दुसरा कुलगुरू येईल आणि मुकाट्याने सही करील, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सुवासने बाकीच्या संघटनांना फोन लावले. दोन संघटनांनी कानांवर हात ठेवले. सगळ्यात छोट्या संघटनेने मात्र छाती फुगवली. "हो हो, आमचंच! आधी आमच्याशी बोला." त्यांचे चार जण वीस मिनिटांनी मिरवत आले. किल्ली एकाकडेही नव्हती.

"फुकटचं श्रेय घेता होय रे!" सुवास खेकसला.

"तोडा!" ढुंगेल ओरडले. "दिदी, हुकूम द्या."

"देते की. पण आधी पोलीस बोलवा. पंचनाम्याशिवाय सरकारी दार तोडलंत, तर उद्या तुम्हीच आत जाल, ढुंगेलजी."

इन्स्पेक्टर घले आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. चंद्रमाया स्वतः मजकूर सांगू लागल्या. दाराचं लाकूड कुठलं, कडी किती लांब, कुलूप कुठल्या रंगाचं. शब्द चुकला की खोडायचा आणि बाजूला सही करायची. कुलूप तोडायला बोलावलेला सुतार हातोडा घेऊन ताटकळत होता. ढुंगेलांचा फोन सारखा वाजत होता आणि तो उचलायची त्यांची छाती होत नव्हती.

"दिदी, पाया पडतो, आवरा!"

"घाईचा कागद कोर्टात फाटतो, भाइ."

पाच वाजले. घंटा झाली. ढुंगेल पायरीवर मटकन बसले. अडतीस नावांची यादी त्यांच्या हातात तशीच राहिली.

घलेंनी कागदावरची शेवटची रिकामी जागा दाखवली. "कुलपाचा मालक... 'अज्ञात' लिहितो, हजुर?"

"नको," चंद्रमाया म्हणाल्या. "खोटा पंचनामा मी तीस वर्षांत कधी केला नाही. माझं नाव लिहा."