नवरदेवाचा चाकू

वाल्मीकच्या खिशात शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू कायम असायचा. द्राक्षबागेत सुतळी कापायला तोच, बांधावर बसून पेरू चिरायलाही तोच. शिवाय गावात कुणालाही हळद लागली, की टोकाला लिंबू खोचून नवरदेवाच्या हातात द्यायला लोक तोच मागून न्यायचे. आज योगेश आला.

"चाकू द्या ना. संध्याकाळी हळद हाय माझी."

वाल्मीकने पातं दगडावर घासलं, शर्टाला पुसलं, आणि चाकू मिटून त्याच्या हातात दिला.

"लग्न लागलं की लगेच आणून दे बरं. रविवारी वणीला पोरगी बघायला जायचंय. या खेपेला जमंलसं वाटतंय, मग मलाच लागंल."

"आणतो की, काका. पप्पांनीही त्यांच्या लग्नात तुमच्याकडून हाच नेला होता."