शस्त्राविना दसरा
बुकित बातोकच्या कार पार्कमध्ये दसऱ्याच्या सकाळी ताईच्या गाडीला झेंडूचा हार घालून, साताऱ्याहून आलेल्या बाबांनी डिकी उघडली. “पूजेला तुझं पिस्तूल कुठंय?” “नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात, बाबा. या देशात ते स्वतःच्या गाडीतून आणणं गुन्हा आहे.” “मी वीस वर्षं जीपमधून नेलं. पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या, परवाना खिशात.” “मग नियम पाळायचं वळण तुमचंच.” बाबा हसले नाहीत. मुलीच्या जातीने हत्यार उचलू नये, या हट्टापायी त्यांनी चार वर्षं ताईशी अबोला धरला होता. उद्याच्या तिच्या निवडचाचणीसाठी ते आपणहून आले होते. मी, धाकटा भाऊ, तबक घेऊन उभा होतो. बाबांनी तिचा उजवा हात धरून तर्जनीला कुंकू लावलं. “चाप हेच बोट ओढतं ना?” कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून ताईने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली.