फोटो पाठवा

वेल्डरची बायको गेल्याचं कळलं तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राच्या ऑफिसात प्रश्नोत्तरं चालली होती. पाहणीसाठी प्रश्न विचारायला बाहेरून एक बाई आली होती. रुग्णांचं ऐकून ऐकून त्यांना बरं करणाऱ्यांच्याच मनाला किती इजा होते, ते तिला मोजायचं होतं. गेटवर वॉचमननं तिची पर्स रिकामी करायला लावली, हाताच्या क्रीमची ट्यूबसुद्धा दाबून पाहिली.

"आमच्याकडे सगळ्यांचंच बघतात," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे तिथल्या समुपदेशक.

सिस्टरनी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "जपून बोला हं. मागं असंच मोजून गेले आणि मावशींना वॉर्डातून उचलून स्टोअरला बसवलं. हिला कोणी पाठवलंय कोण जाणे."

म्हणून मॅडम जपून बोलत होत्या.

"रुग्णांनी सांगितलेलं कधी झोपेत दिसतं?"

"कधीच नाही."

"घरी गेल्यावर चिडचिड होते?"

"कधीच नाही. हवं तर आमच्या ह्यांना विचारा." मॅडम जरा थांबल्या. "नको, त्यांना नका विचारू."

पाहणीवाली हसली. मॅडम हसल्या नाहीत. ती मान खाली घालून काय लिहितेय, ते त्या उलट्या बाजूनं वाचत होत्या.

"लोक सांगतात त्यावर विश्वास ठेवणं जड जातं?"

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. मॅडमनी स्पीकर लावला, म्हणजे शेजारी बसलेल्या सिस्टरनाही ऐकू जावं. घरच्यांचे फोन त्या दोघी असेच ऐकायच्या.

"मॅडम, तुमच्याकडे आमचे दाजी आहेत ना, वेल्डर, त्यांचा मेहुणा बोलतोय. ताई गेली आमची. सकाळी आंघोळीला म्हणून गेली ती तिथंच पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दाजींना तेवढं लगेच पाठवा. दुपारी नेणार आहोत. जास्त वेळ नाही ठेवता येणार."

मॅडम मागचे आवाज ऐकत होत्या.

"तुम्ही आत्ता कुठून बोलताय?"

"घरातूनच."

"मागं तर कुणी रडत नाहीये."



"रडून झालं, मॅडम."

"तिचा एक फोटो पाठवा."

"कसला फोटो?"

"आत्ताचा."

फोन कट झाला. पाहणीवालीचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं.

"तुम्हाला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेर पडायला ही माणसं काय वाट्टेल ते करतात. एकाची आई इथे तीनदा वारली. चौथ्यांदा वारली तेव्हा नेमकी तीच गेटवर उभी, लेकासाठी डबा घेऊन."

"आणि ह्या वेल्डरचंच घ्या," सिस्टर म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात फोन, मुलाचा हात मोडला म्हणून. आम्ही शाळेत विचारलं. पोरगं मैदानात खेळत होतं."

"तो फोनही मेहुण्याचाच होता?" पाहणीवालीनं विचारलं.

"नाही. कुणीतरी दोस्त होता त्याचा."

फोटो आला. गळ्यापर्यंत पांघरूण, डोळे मिटलेले. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट आलं होतं. मॅडमनी तो मोठा करून पाहिला. बाई तीच होती. शनिवारी नवऱ्याला भेटायला आली होती आणि हसताना तोंडावर हात धरत होती.

"झोपलेलीही असेल," सिस्टर म्हणाल्या.

मॅडमनी ओठांचा भाग आणखी मोठा केला. मग फोन सिस्टरकडे दिला.

"दवाखाना कुठला, ते विचारून घ्या. तिथे लावा."

त्यात बराच वेळ गेला. आधी कुणी उचलेना, मग दुसऱ्याच विभागात जोडून दिलं. पाहणीवाली घड्याळाकडे पाहत होती. वेल्डरचं गाव मोटारीनं अडीच तासांवर होतं.

"हो," सिस्टर शेवटी फोनवर म्हणाल्या. "हो. वय तेवढंच. हो. बरं." त्यांनी फोन उपडा ठेवला. "खरंय."

मग सिस्टर उठल्या. "ड्रायव्हरला गाडी काढायला सांगते. आत्ता निघाला तर मिळेल त्याला बघायला." त्या गेल्या.

पाहणीवालीनं कागद गोळा केले. "आपण नंतर कधीतरी करू."

"का? लिहा ना," मॅडम म्हणाल्या. "मघाचा तो विश्वासाचा प्रश्न. कधीच नाही, असं लिहा."

पाहणीवालीनं लिहिलं नाही.

दारात वेल्डर उभा होता. वॉर्डातल्या लोखंडी खाटा रंगवायला काढल्या होत्या आणि सकाळपासून तो अंगणात बसून त्यांचा गंज घासत होता. केसांवर, भुवयांवर तांबडी पूड बसली होती.

"मॅडम, पॉलिश पेपर संपला."

मॅडम त्याच्याजवळ गेल्या. "इकडे बघ. उजेडाकडे."

त्यानं सवयीनं मान वर केली. मॅडमनी आधी एका डोळ्याची बाहुली पाहिली, मग दुसऱ्या.

"गंजानं लाल झालेत, मॅडम," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. चांगला रंग बसेल बघा आता. अजून दोनच खाटा राहिल्यात."

मॅडमनी कपाट उघडलं आणि पॉलिश पेपर काढून त्याच्या हातात दिला. तो अंगणात परत गेला. गेटशी ड्रायव्हर गाडी सुरू करून बसला होता.

वेल्डरला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.