दोन वर्षं पुढचं घड्याळ

ऐक ना, मधे बोलू नकोस. आमची आत्या घराची कागदपत्रं पिशवीत कोंबून थेट दादाच्या ऑफिसात!

दादाची कंपनी केवढी? दोन खोल्या, पाच माणसं. काम एकच. दीड वर्षानं एक तारीख येतेय, त्या दिवशी जुने कॉम्प्युटर गडबडणार, भलतंच वर्ष धरून बसणार. ते आधीच दुरुस्त करायचं. मोठ्या हॉस्पिटलचं काम यांच्याकडेच, आणि तिजोरीत खडखडाट.

आत्याचा मुलगा त्याच हॉस्पिटलच्या किडनीच्या यादीत. सहा वर्षं थांबून आता पहिला नंबर. दर वर्षी नाव नव्यानं नोंदवायचं असतं; आत्या एकदाही चुकली नाही.

"घर विकून तुझ्या कंपनीत पैसे घालते," आत्या म्हणाली. "पण त्या तारखेला माझ्या पोराचं नाव उडालं तर?"

"नाही उडणार. दुरुस्ती झालीय."

"दाखव."

"आत्या, चाचणी नकलेवर करतात. नक्कल बनवायला दोन दिवस लागतील."

"म्हणजे भातुकली दाखवणार मला? खऱ्यावर दाखव, नाहीतर ही निघाले."

पाच जण दादाच्या तोंडाकडे बघत होते. दोन महिने पगार नव्हता.

दादानं तिथूनच हॉस्पिटलच्या चालू कॉम्प्युटरचं घड्याळ दोन वर्षं पुढे नेलं. ती तारीख आली, गेली. काही बंद पडलं नाही. दहा मिनिटांनी घड्याळ परत जागेवर.

"हात्तिच्या! एवढ्यासाठी जग घाबरलंय?" आत्यानं सही ठोकली आणि दादाच्या पाठीत धपाटा घातला. "गुणाचं गं माझं लेकरू!"

चौथ्या दिवशी किडनी आली. कॉम्प्युटरनं ती आदल्याच दिवशी नाव लावलेल्या एका माणसाला दिली. आत्याचा मुलगा पुढच्या किडनीपर्यंत टिकला नाही.

तेराव्या दिवशी आत्या पुन्हा ऑफिसात. डोळे कोरडे ठणठणीत.

"कुणीतरी पैसे चारून माझ्या पोराचं नाव काढलं. तू शोध. मला फक्त त्या माणसाचं नाव हवंय."

दादानं नोंद उघडली. आत्या खुर्चीला धरून मागेच उभी, चष्मा घरी विसरलेली.

पडद्यावर लिहिलं होतं: 'दोन वर्षं नोंदणी नाही, नाव आपोआप रद्द.' तारीख दोन वर्षं पुढची; वेळ, आत्यानं सही केली त्याच्या पाच मिनिटं आधीची.

"वाच की रे," आत्या म्हणाली. "कोण आहे?"

तू काय वाचलं असतंस?